दादाच्या गाडीचा पंप

रविवारी दुपारी एक वाजता ग्रंथपालांनी दादाच्या गाडीत बसून किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली नाही. स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही दाद देईना. त्यांनी पुन्हा फिरवली. मग दार उघडून परत लावलं, नीट सरळ बसले आणि तिसऱ्यांदा फिरवली. गाडी अठरा वर्षांची होती आणि असल्या शिस्तीला भीक घालणारी नव्हती.

दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. चौदा महिन्यांपूर्वी ग्रंथपालांनी त्याचं वॉशिंग मशीन 'जरा बघून' दिलं होतं. त्यानंतर ते मशीन कपडे पिळताना बाथरूममधून चालत निघालं आणि पाइप तोडून थेट बैठकीच्या खोलीत आलं. पाणी खालच्या मजल्यापर्यंत पोचलं. दादाने बहिणीशी चौदा महिने अबोला धरला. गेल्या गुरुवारी, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं निमित्त झालं आणि त्याने आपणहून फोन करून गाडी देऊ केली. फक्त एक अट घातली.

"छोटे, त्यांना गाडी चालवू दे. पण बॉनेट उघडू देऊ नकोस. स्क्रू ड्रायव्हर तर दिसायलाही नको. रविवारी पाचला गाडी दारात पाहिजे, सहाला मला निघायचंय."

त्या फोननंतर ती स्वयंपाकघरात एकटीच थोडा वेळ रडली होती, आनंदाने. हे ग्रंथपालांनी पाहिलं होतं. म्हणूनच गाडी परत द्यायच्या दिवशी त्यांनी सकाळी दोन तास ती घासूनपुसून काढली. काच, पायपुसण्या, सीटच्या खाली अगदी कोपऱ्यापर्यंत हात घालून. परत आलेलं पुस्तक पान न् पान तपासून घेणारा माणूस स्वतः घेतलेली वस्तू मळकी कशी परत करेल? काल रात्री सुरळीत चाललेली गाडी आता चकचकीत होती आणि ठप्प होती.

"बॅटरी असेल," बायको खिडकीतून म्हणाली.

"स्टार्टर फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे." ग्रंथपालांनी मागच्या सीटला कान लावला. "तू किल्ली अर्धी फिरव. टाकीतला पंप गुणगुणला पाहिजे."

तिने फिरवली. मागे अगदी शांतता होती.

"पंप गेला," ग्रंथपाल म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण हात शिवशिवायला लागले होते, ते काही लपेना.

"मेकॅनिकला बोलवा."

"रविवार आहे. सगळे बंद."

"मग दादाला फोन करू."

"आणि काय सांगणार? गाडी माझ्या ताब्यात असताना बंद पडली म्हणून? पण मी हात लावलेला नाही म्हणून? तू असतीस त्याच्या जागी तर विश्वास ठेवला असतास?"

बायकोने प्रामाणिकपणे विचार केला. "नसता ठेवला," ती म्हणाली, आणि तिथेच सगळं घसरलं.

कोपऱ्यावरचं सुट्या भागांचं दुकान तेवढं उघडं होतं. दुकानदाराने गाडीचं वय ऐकून मान हलवली. मग आतून एक पंप आणून ठेवला. "हा या गाडीचा नाही. पण बसतो."

"कोणी बसवलाय?"

"कोणी ना कोणी बसवलाच असेल," दुकानदार म्हणाला.

दोन वाजता मागची सीट उचलून अंगणात ठेवली गेली. टाकीचं गोल झाकण दिसलं. बॅटरीची एक तार सोडवून ठेवण्याइतकी अक्कल ग्रंथपालांना होती. झाकण उघडताच पेट्रोलचा भपकारा आला आणि पाचच मिनिटांत पहिल्या मजल्यावरचे काका वाळूने भरलेली बादली घेऊन खाली उतरले. काका तीस वर्षं फायर ब्रिगेडमध्ये होते. निवृत्त झाल्यापासून या वासाची वाट बघत बसल्यासारखे ते हजर झाले.

"चालू द्या तुमचं. मी फक्त उभा आहे."

"काका, पाच मिनिटांचं काम आहे."

"असाच एक होता," काका शांतपणे म्हणाले. "तोही पाच मिनिटंच म्हणाला होता."

"मग?"

"तुमचं होऊ द्या. मग सांगतो. आत्ता सांगितलं तर हात कापतील."

ग्रंथपालांचे हात न ऐकताच कापायला लागले. बायकोने गाडीची सगळी दारं उघडली, शेजारच्या बाल्कनीतली सिगारेट विझवायला लावली आणि स्वतःचा मोबाइलही घरात नेऊन ठेवला. त्याआधी मात्र झाकण बंद असताना तिने त्यावरच्या नळ्यांचा एक फोटो काढून घेतला होता. नवऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

ग्रंथपालांची स्वतःची पद्धत होती. प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी. टाकीतून दोन नळ्या निघत होत्या, एक पेट्रोल इंजिनाकडे नेणारी आणि एक उरलेलं परत आणणारी. त्यांनी सुवाच्य अक्षरात 'जाणारी' आणि 'येणारी' अशा दोन चिठ्ठ्या लिहून बांधल्या. आठ स्क्रूंना एक ते आठ नंबर दिले. वायरच्या जोडाला 'जोड' असं लिहिलं, जणू तो कोणाला आणखी काही वाटला असता. सगळं अगदी रीतसर चाललं होतं, आणि जुना पंप बाहेर ओढताना तो वाकला, त्यातलं पेट्रोल भळकन सांडलं आणि सगळ्या चिठ्ठ्यांवरून वाहून गेलं. शाई धुऊन गेली. आता दहाबारा कोरे कागद हातात लोंबत होते.

त्यांनी डोकं वर काढलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. नळ्या दोन आहेत. शक्यता पण दोनच आहेत."

"उलट्या लागल्या तर?" काकांनी विचारलं आणि बादली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

बायको घरात गेली. परत आली ती एका कागदावर दोन नळ्यांचं चित्र काढून. "निळ्या खुणेची डावीकडे. मी आधी फोटो काढून ठेवलाय."

"तुझा माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

"चौदा महिने भाऊ बोलला नव्हता माझ्याशी. भरवसा कुठून आणू?"

ग्रंथपालांनी चित्र समोर ठेवलं. नळ्या लावल्या. नवा पंप खरोखरच बसला, थोडा तिरका, पण बसला. जोड मात्र जुळेना, तेव्हा वायरी सोलून पिळल्या, वरून टेप गुंडाळली. झाकण घट्ट केलं. भपकारा ओसरेपर्यंत काकांनी वीस मिनिटं घड्याळ लावून थांबवलं. पावणेचार वाजले. बॅटरी जोडली. किल्ली अर्धी फिरवली.

मागे अगदी शांतता होती.

बायको अंगणातल्या मागच्या सीटवर जाऊन बसली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. "जाऊ दे," ती म्हणाली. "मी फोन करते त्याला. संपलं सगळं."

"दहा मिनिटं दे."

"तो पुन्हा बोलायचा नाही माझ्याशी. तुम्हाला ते वॉशिंग मशीन दिसतं, मला माझा भाऊ दिसतो."

ग्रंथपाल पुन्हा टाकीवर वाकले. नवा पंप गप्प, म्हणजे पंपापर्यंत करंटच येत नाही. म्हणजे कुठेतरी वायर तुटलीय. कुठे, ते शोधायला दिवस लागला असता आणि हातात एक तास होता. शेवटी त्यांनी घरातून वायरची एक गुंडाळी आणली. समोरच्या फ्यूजच्या डब्यापासून गालिच्याखालून थेट मागच्या पंपापर्यंत नवी वायर ओढली. जुन्या वायरीशी संबंधच तोडून टाकला. मध्ये एक फ्यूज घातला, कारण काका हलेनात.

चार पस्तीसला किल्ली फिरवली. मागून गुणगुण ऐकू आली. आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

काकांनी बादली खाली ठेवली. जरा नाराजच दिसले.

"काका, त्या माणसाचं पुढे काय झालं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"त्याचंही बसलं व्यवस्थित," काका म्हणाले. "पण तेवढा वेळ तुम्ही सांभाळून काम केलंत की नाही?"

सीट बसवली, हात तीनदा साबणाने धुतले, आणि सगळ्या काचा उघड्या टाकून दोघं निघाले. वाटेत टाकी भरून घेतली. प्रत्येक सिग्नलला ग्रंथपालांचा जीव टांगणीला लागायचा, कारण तिरका बसलेला पंप कधी मान टाकेल याचा नेम नव्हता. पाचला दोन मिनिटं कमी असताना गाडी दादाच्या दारात उभी राहिली.

दादा बाहेर आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटवरून बोट फिरवून पाहिलं. आत डोकावला. वास घेतला.

"पेट्रोलचा वास येतोय."

"टाकी भरून आणलीय दादा," बायको म्हणाली. ते खरंही होतं.

दादाने पायपुसण्यांकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा सैल पडला. "एवढी स्वच्छ तर मीही ठेवत नाही," तो म्हणाला आणि बहिणीच्या डोक्यावर टपली मारली. चौदा महिन्यांनी. तिचे डोळे भरून आले. ग्रंथपाल उगाच आरशाकडे बघू लागले.

"आता लागेल तेव्हा गाडी नेत जा," दादा म्हणाला. "आणि मेहुणे, तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवतो. परवा सांगायची राहिली." त्याने चालकाच्या सीटखाली कोपऱ्यात हात घातला. "इथे एक चोरबटण आहे. दाबलं की पंपाचा करंट बंद. मग कोणाच्या बापालाही गाडी चालू होत नाही. हे बघा, दाबलं."

खट् असा आवाज आला. ग्रंथपालांना सकाळी पुसताना सीटखाली गेलेला आपला हात आठवला. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिला काय कळलं ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"फिरवा किल्ली," दादा म्हणाला. "करून दाखवा चालू."

सबंध दुपार ग्रंथपालांनी ही गाडी चालू व्हावी म्हणून जीव काढला होता. आता ती चालू होऊ नये म्हणून त्यांनी मनात हात जोडले आणि किल्ली जमेल तितकी हळू फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

दादा बघत राहिला. त्याने पुन्हा बटण दाबलं, मग आणखी एकदा. इंजिन मजेत चाललं होतं.

"त्या इलेक्ट्रिशियनने मला फसवलं," तो म्हणाला आणि खिशातला फोन काढला. "आत्ताच्या आत्ता बोलावतो त्याला. सगळं उघडून दाखव म्हणतो."

"दादा, त्याचा दोष नाही," ग्रंथपाल म्हणाले. बायकोने डोळे मिटले. "बटण माझ्या हातून दाबलं गेलं. मला वाटलं पंप गेला. मी पंप बदलला. तरी चालू होईना म्हणून वायर वेगळी टाकली. तुमच्या बहिणीने मला अडवलं होतं. काय बोलायचं ते मला बोला, तिच्याशी अबोला धरू नका."

दादाने फोन हळूच खिशात ठेवला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग घराच्या दाराकडे एकदा वळून पाहिलं, आत आपली बायको ऐकत नाही ना, याची खात्री केली आणि गाडीच्या खिडकीशी वाकला.

"जुना पंप फेकला तर नाहीत ना?"

"नाही. घरी आहे."

"तो चांगला आहे. सहा महिन्यांपूर्वीच बसवलाय." दादाचा आवाज आणखी खाली गेला. "तेव्हाही असंच झालं, बटण मीच दाबून ठेवलं होतं आणि विसरलो. तीन दिवस गाडी गॅरेजात होती. तुझ्या वहिनीला मी सांगितलंय की कंपनीचाच माल खराब होता. तिला यातलं काही कळायला नको, छोटे."

ग्रंथपालांची बायको गाडीतून उतरली, तिने ड्रेस नीट केला आणि भावासमोर तळहात पसरला.

"पुढच्या रविवारी गाडी लागेल मला," ती म्हणाली. "आईला चष्मा आणायला न्यायचंय."

दादाने खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली आणि निमूटपणे तिच्या हातावर ठेवली.