बालवर्गाचें कपाट खुलें जाहलें त्याची हकीकत

श्री. विद्येचे दारीं जें धाकुटें पाऊल प्रथम पडतें, त्यास आधीं वंदन करोन हकीकत लिहिली ऐसीजे. शके १९४४, शुभकृन्नाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य प्रतिपदा, सौम्यवार, ते दिवशीं शाळेच्या राज्यांत वत्सला केंजळेबाई यांस बालवर्गाची सुभेदारी सांगितली. बाईंनीं एकोणीस वर्षें चौथीवर अंमल केला होता, आणि बालवर्ग म्हणजे नाकें पुसण्याचें ठाणें, तेथें कोणी खुशीनें जात नसे, म्हणोन बाईंस मनांतून बहुत वाईट वाटलें. मग वर्गांत दाखल जाहल्या, तों एकतीस पोरें, पैकीं अकरा रडत होतीं, आणि मणी, ठोकळे, रंगखडू, माती, चित्रांचीं पुस्तकें ऐसा मातबर सरंजाम लोखंडी कपाटांत कुलपाआड, आणि किल्ली कौसल्यामावशींच्या कमरेस. मावशी त्या वर्गाच्या जुन्या सेविका, बहुत इमानी. त्या बोलिल्या, "पोरं मोडतात, म्हणून मोठ्या बाई उघडू देत नाहीत. सात वर्षांत एक खडू तुटला नाही बघा."

बाईंनीं पदर खोचिला आणि भर वर्गांत गुडघ्यांवर बसल्या आणि तैशाच रांगत चहूंकडे फिरोन आल्या. पोरें रडावयाचीं थांबोन पाहात राहिलीं. त्या उंचीवरून बाईंस टेबलांचे पाय दिसले आणि मावशींच्या चपला दिसल्या, आणि पोरानें हात लांबवून घ्यावें ऐसें कांहीं म्हणोन दिसलें नाहीं. तेव्हां बाईंस राग आला, आणि त्याच रागानें त्या मुख्याध्यापिका सबनीसबाई, ज्यांस सर्व शाळा मोठ्या बाई म्हणे, त्यांजपुढें उभ्या राहिल्या.

"सामान खाली मांडू द्या. पोरं घेतील आणि जागेवर ठेवतीलसुद्धा."

"चार वर्षांची पोरं?"

"चार वर्षांचीच."

मोठ्या बाईंनीं चष्मा काढोन विचार केला आणि आज्ञा जाहली कीं, "पंधरा दिवस देते. सामानाची वाट लागली, तर कपाटाला पुन्हा कुलूप, आणि वर्ग दुसऱ्या कोणाला देईन."

मग बाईंनीं टेबलें भिंतीस सारिलीं, आणि विटांवर फळ्या टाकोन पोरांच्या छातीइतके कप्पे केले, आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे आणोन प्रत्येकावर आंतल्या जिनसेचें चित्र चिकटविलें, आणि तेंच चित्र फळीवर, कीं डबा कोठें ठेवावा हें अक्षर न येणाऱ्यासही कळावें. आणि सगळा सरंजाम एकदम खुला केला. तों काय सांगावें! मणी पाण्याच्या पिंपांत गेले, माती बुटांत गेली, आणि एकानें जांभळा खडू अर्धा खाल्ला. तीन दिवस ऐसाच धुमाकूळ जाहला. चवथे दिवशीं पोरें घरीं गेल्यावर बाई एका इवल्या खुर्चीवर बसल्या आणि उठेनात. मग मावशी केर काढतां काढतां बोलिल्या, "बाई, रागावू नका, पण पंगतीला बसल्या बसल्या सगळं ताट एकदम भरलं, तर पोर जेवेल का खेळेल? मी घरी एकेक वाढते."

बाईंनीं मावशींकडे पाहिलें. "मावशी, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

तेव्हां दोघींनीं मिळोन पांचच डबे ठेविले, आणि बाकी आंत. आणि डबा दोहों हातांनीं कैसा उचलावा, आणि चित्रावर चित्र कैसें ठेवावें, हें बाईंनीं न बोलतां, सावकाश, पुनःपुन्हा करोन दाखविलें. सहावे दिवशीं दोन पोरांनीं केलें, आठवे दिवशीं विसांनीं, आणि एक जिन्नस अंगवळणीं पडली कीं मावशी स्वहस्तें दुसरी वाढीत.

पंधरावे दिवशीं मोठ्या बाईंची स्वारी आली. पोरें आपआपल्या कामांत, कोणी वर पाहीना. मोठ्या बाईंच्या पदराचा दोरा लोंबत होता, म्हणोन त्यांनीं विचारिलें, "बाई, कातर आहे का?" केंजळेबाई उठतात तों इरावती नामें मुलगी, जी आल्यापासून कोणाशीं शब्द बोलिली नव्हती, ती कप्प्याकडे गेली आणि बोथट टोंकांची कातर मुठींत धरोन, दांडा पुढें करोन, मोठ्या बाईंपुढें उभी राहिली. मोठ्या बाईंनीं दोरा कापिला. मुलगी हालेना.

"आता काय गं?"

"परत द्या," इरावती बोलिली. "जागेवर ठेवायची आहे."

मोठ्या बाईंनीं मुकाट्यानें कातर दिली, दांडा पुढें करोन. केंजळेबाईंनीं खिडकीकडे तोंड फिरविलें, कारण डोळे भरले होते आणि छाती अभिमानानें फुगली होती, आणि तें पोरांस दिसूं नये ऐसें त्यांस वाटलें. मोठ्या बाई जातांना इतकेंच बोलिल्या, "वर्ग तुमच्याकडेच राहू दे."

एकूण ऐसें कीं, वर्षभरांत सात मणी, जुळवावयाचें एक कोडें आणि दीड खडू कामास आले, बाकी सरंजाम साबूत. पुढिले सालीं तीं एकतीस पोरें पहिलींत गेलीं, आणि पहिलेच दिवशीं तेथील गुरुजींस विचारितीं जाहलीं कीं, "आमचं सामान कुठंय?" गुरुजींनीं उंच कपाटाकडे बोट दाखविलें. पोरें कपाटाकडे पाहात उभींच राहिलीं, बसेनात. चवथे दिवशीं पहिलीच्या वर्गांत सुतार आला.