झेंडेवाल्याचा एक झुरका

"गाईड कशाला हवा? बस तरी कशाला हवी?" तोकुजी कुरामोचीने ज्येष्ठ मंडळाच्या बैठकीत छाती ठोकून सांगितलं. "क्योटो मी दाखवतो. पायी! गल्ली न् गल्ली तोंडपाठ आहे मला!"

ही थाप नव्हती बरं का. हिवाळाभर तोकुजी क्योटोचा नकाशा पुढ्यात घेऊन बसला होता. मात्र त्याने देवळं पाठ केली नव्हती, सिगारेट ओढायच्या जागा पाठ केल्या होत्या. क्योटोत रस्त्यावर सिगारेट पेटवली की गणवेशातला माणूस अगदी नम्रपणे येतो आणि अगदी नम्रपणे दंड करतो. ओढायची तर ठरवून दिलेल्या जागीच. आणि तोकुजी पक्का कायद्याचा माणूस! बायकोशी खोटं बोलेल, पण कायदा मोडणार नाही.

बायकोशी खोटं म्हणजे असं की, गेल्या नववर्षाला डॉक्टरांनी त्याची छाती तपासून तोंड वाकडं केलं, तेव्हा त्याने घरी येऊन जाहीर केलं, "सोडली!" त्याच्या बायकोने, फुमिएने, तिथल्या तिथे क्योटोतल्या कियोमिझू देवळाच्या कान्नोनदेवीला नवस बोलला. यांची सिगारेट सुटू दे, मी चहाला शिवणार नाही. वर्षाने तुझ्या दारी येईन आणि मगच पहिला घोट घेईन.

फुमिए म्हणजे चहाचं माणूस. उठल्यावर चहा, जेवणावर चहा, भूकंपाचा धक्का बसला तरी आधी किटली सांभाळायची! तीच बाई वर्षभर नुसतं गरम पाणी पीत होती. शेजारणी चहा घ्यायला लागल्या की हिची मान वाफेकडे वळायची. तोकुजी हे सगळं बघायचा. त्याला फार वाईट वाटायचं. आणि वाईट वाटलं की हमखास सिगारेट लागायची. मग स्वारी मासेमारीची जाळी ठेवायच्या कोठाराच्या मागे.

तर असं हे मंडळ क्योटोत उतरलं. पुढे तोकुजी, खांद्यावर मासा काढलेला पिवळा झेंडा. मागे फुमिए, सगळ्यांत वडील हात्सुएआजी, गुडघ्याने बेजार झालेले इसोगाई आणि बाकी म्हातारी मंडळी, एकामागे एक. आमच्याकडची माणसं झेंडा दिसला की चालू लागतात. तो कुठे चाललाय, हे विचारणं असभ्यपणाचं!

पहिली जागा एका बँकेमागे होती. म्हणजे नकाशात होती. प्रत्यक्षात तिथे फुलझाडांच्या कुंड्या!

"इथे काय बघायचं, कुरामोचीसान?" इसोगाईंनी विचारलं.

"भिंत," तोकुजी म्हणाला. "जुनी आहे. नीट बघून घ्या."

सगळ्यांनी बँकेची भिंत नीट बघितली. दोघांनी फोटोही काढले.

दुसरी जागा एका कॉफीच्या दुकानात, तर दुकानाला सुट्टी. "हे क्योटोचं प्रसिद्ध बंद दार," असं सांगायची वेळ आली. तेव्हा मात्र हात्सुएआजी म्हणाल्या, "तोकुजी, अरे देवळं कधी लागणार? तुझ्या बायकोचा जीव टांगणीला लागलाय!"

"लागतील, आजी, लागतील! वाटेतच आहेत!"

त्याचा हात आता सारखा खिशाकडे जात होता. एक झुरका! एकच, मग सरळ कियोमिझू. तेवढ्यात देवासारखं लोणच्याचं दुकान दिसलं. मुळा, वांगं, काकडी, सगळ्याची चव फुकट. मंडळ तिथे असं चिकटलं की सांगता सोय नाही. तोकुजी हळूच सटकला आणि पुढच्या कोपऱ्यावर वळला. तिथे खरोखरच जागा होती! गावाच्या शोभेला धक्का नको म्हणून बांबूच्या जाळीचं सुबक कुंपण केलेलं. आत थोटकं टाकायला पाण्याने भरलेलं दगडी भांडं आणि त्याभोवती चार-पाच नोकरदार, माना खाली घालून, गप्प. वर धूर तरंगतोय. तोकुजीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पाकीट काढलं. सिगारेट ओठांत धरली. काडी ओढणार, इतक्यात मागून आवाज आला, "अहो!"

झेंडा! मेला झेंडा खांद्यावरच राहिला होता! सगळं मंडळ, तोंडात लोणचं घोळवत, शिस्तीत मागे येऊन उभं होतं. आणि सगळ्यांत पुढे फुमिए.

"अहो, हे काय?"

ओठांतली सिगारेट तोकुजीने झटक्यात तळहातावर घेतली आणि दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलली. "श्राद्ध," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"तंबाखूचं! इथे सोडणारे लोक आपली जपून ठेवलेली शेवटची सिगारेट जाळतात. निरोप देतात. फक्त क्योटोतच असतं हे."

तुम्हाला हसू येईल, पण आमच्याकडे झिजलेल्या सुयांचं श्राद्ध होतं, जुन्या बाहुल्यांचं होतं. मग तंबाखूनेच काय घोडं मारलंय?

"असेल बाई," हात्सुएआजींनी मान डोलावली. "कसे शोकात उभे आहेत बघा बिचारे!" आणि त्या थेट एका टायवाल्यापुढे जाऊन कमरेत वाकल्या. "शेवटची ना? धीर धरा हो! अभिनंदन!"

टायवाला गोंधळला. पण एवढी वयस्कर बाई वाकलेली, तिला नाही कसं म्हणायचं? तोही वाकला. "हो... शेवटचीच," असं पुटपुटून त्याने अर्धी सिगारेट विझवली आणि निघून गेला. मागोमाग दुसरा. मग तिसरा. इसोगाई तर आत शिरून धूर ओंजळीने गुडघ्यावर ओढून घेऊ लागले. देवळातला धूप दुखऱ्या भागावर घ्यायची सवय, ती कुठे जाते? "उतरतंय! खरंच उतरतंय!" ते ओरडले. झालं! वाटेने दुसऱ्या कुठल्या गावच्या बायकांचा जथा चालला होता. रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची ते मग कळतंच. सगळ्या मागे उभ्या राहिल्या.

फुमिए मात्र तोकुजीकडेच बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे पायी पायी म्हणत होतात ते यासाठी? मला न सांगता? निरोप द्यायला आणलंत?"

"अं... हो," तोकुजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार!

"मग माझा नवस इथेच फिटला! देवीला नंतर नमस्कार करीन. आधी चहा!"

समोरच चहाचं दुकान होतं. हिरवागार चहा आला, वाफाळता. फुमिएने कप दोन्ही हातांत घेतला आणि वास घेतला. वर्षभराने तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते तोकुजीला बघवेना. वाईट वाटलं, आणि या खेपेला सिगारेट आठवली नाही. कप ओठांना टेकणार, तोच तो ओरडला, "थांब! पिऊ नकोस! मी सोडलेली नाही. एक दिवसही नाही!"

इसोगाईंनी गुडघा चोळायचा थांबवला.

फुमिएने कप खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "वर्षभर थापा मारल्यात. आणखी दोन घोट दम धरवला नाही?"

"देवीचा कोप झाला असता तुझ्यावर..."

"ते मी आणि देवी बघून घेतलं असतं! चहा होता हो तो! चहा!" तिचा आवाज चिरकला. मग तिने बोट दाखवलं. "जा. ते पाकीट त्या भांड्यात बुडवून या. खरोखरचं श्राद्ध करा, मग पिईन. आणि पळा, गार होतोय."

तोकुजी पळाला. पण बांबूच्या कुंपणाबाहेर रांग पार नाक्यापर्यंत गेली होती. आता रांग मोडून घुसायचं? छे! कायद्याचा माणूस! पुढच्या बायका एकेक करून कंबर, खांदे, मान शेकून घेत होत्या. धुराला कमी पडू नये म्हणून आत एका बिचाऱ्या टॅक्सीवाल्याला अडकवून ठेवलं होतं आणि तो घाम पुसत ओढत होता. अखेर तोकुजीची पाळी आली. पाकीट पाण्यात पडलं. त्याला एकदम हलकं वाटलं, हे त्याचं त्यालाच नवल.

तो धापा टाकत परतला. चहा तसाच. वाफ कधीच गेलेली.

"झालं!" तो म्हणाला. "आता पी."

फुमिएने कप उचलला नाही. हात पुढे करून म्हणाली, "आणि डाव्या खिशातलं?"

तोकुजीने झेंडा खांद्यावर टाकला आणि पुन्हा जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. कंबर शेकून परतणारी एक आजी त्याला ओळखून थबकली आणि कौतुकाने वाकली.

"लगेच दुसऱ्यांदा? केवढी हो श्रद्धा!"