साहेब उठेनात

नगरपालिकेचे अध्यक्ष माईक घेऊन पडद्यासमोर उभे राहिले तेव्हा टॉकीजमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मुख्य रस्त्यावरची ही सगळ्यात जुनी इमारत. दुरुस्तीसाठी दोन वर्षं बंद होती आणि आज सकाळी पुन्हा पहिला खेळ. लोक नुसते उतू चालले होते.

"ही वास्तू म्हणजे आपला वारसा," अध्यक्ष म्हणाले. "इथला एक स्क्रूसुद्धा जागचा हलता कामा नये. आजचा दिवस परीक्षेचा. आज एक जरी स्क्रू हलला, तरी उद्यापासून खेळ बंद आणि टॉकीजचं संग्रहालय."

टाळ्या पडल्या. माईकवरून कोणी शिव्या घातल्या तरी आपल्याकडे टाळ्या पडतात. या माणसाने जन्मात तिकीट काढून पिक्चर पाहिलेला नाही, पण वारशाचा पुळका त्यालाच. चालतं थिएटर बंद पाडायचं, दारावर स्वतःच्या नावाची फरशी बसवायची आणि त्याला जतन म्हणायचं. जिवंतपणी पाणी विचारायचं नाही आणि मेल्यावर हार घालायचा, त्यातलाच प्रकार.

थिएटर वहिनींचं. सासऱ्यांनी बांधलेलं, त्यांनी सांभाळलेलं. अख्खा रस्ता त्यांना वहिनीच म्हणायचा. मोडक्या खुर्च्या बदलायची परवानगी त्यांनी कितीदा मागितली, दर वेळी उत्तर एकच: खुर्च्या ऐतिहासिक आहेत. मशीनवर त्यांचे दीर होते.

"भावोजी, एवढा दिवस निभावून न्या."

"मशीनचं माझ्यावर सोडा वहिनी. खुर्च्यांची हमी मात्र मी देत नाही."

अध्यक्ष बाल्कनीत पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध बसले. शेजारी अध्यक्षीणबाई. पिक्चर विनोदी होता. खालून हशाच्या लाटा येत होत्या आणि अध्यक्ष घड्याळ बघत होते. मध्यांतर झालं तसे ते निघायला उठले, आणि मागून आवाज आला, टर्र. ते झटकन खाली बसले.

"काय झालं हो?"

"पट्टा अडकलाय मागे कशात तरी. बघ जरा."

बाईंनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. पाठीच्या फळीतून एक वाकडा स्क्रू बाहेर आला होता आणि पँटीचा कमरेला शिवलेला पट्टा त्यात गुंतला होता.

"घट्ट बसलंय," त्या म्हणाल्या.

"ओढू का जोरात?"

"ओढा की. तुम्ही पुढे जाल, पँट मागे राहील."

जिन्याच्या पायथ्याशी वर्तमानपत्राचा फोटोवाला टपून उभा होता. अध्यक्ष बसून राहिले. पिक्चर संपला, सगळे उठले, तरी ते बसलेलेच. डोअरकीपर अदबीने जवळ आला. "साहेब, गाडी लागलीय."

अब्रूवर बेतलं की पुढाऱ्याची जीभ मेंदूच्या आधी धावते. "पिक्चर फार उत्तम आहे," अध्यक्ष म्हणाले. "मी परत बघणार."

डोअरकीपरने हे चहावाल्याला सांगितलं. चहावाल्याने न्हाव्याला सांगितलं, आणि न्हाव्याला सांगितल्यावर गावात वेगळी दवंडी लागत नाही. साहेबांना पिक्चर आवडला, इथून सुरुवात झाली. न्हाव्याच्या दुकानातून बातमी बाहेर पडली तेव्हा साहेब हसून हसून खुर्चीतून उठू शकत नव्हते. कापडवाल्याने दुकानाचं शटर ओढून घेतलं. दुपारचा खेळ हाऊसफुल्ल, बाहेर उरलेली रांग थेट बँकेच्या दारापर्यंत.

दुपारच्या खेळाला दिवे मालवल्यावर अध्यक्षांनी वहिनींना खूण केली.

"वहिनी, पेचकस आणा. एक स्क्रू काढायचाय."

"कसा काढू साहेब? संग्रहालय होईल ना."

"ते भाषण होतं हो."

"आम्ही अडाणी माणसं, आम्ही खरं धरलं. माईक देते, शब्द मागे घ्या."

"मी? सगळ्यांसमोर? अध्यक्ष आहे मी."

"मग बसा. पाणी पाठवू?"

"पाणी नको," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले.

तिथेच खरी गोम होती. सकाळी उद्घाटनाआधी त्यांनी तीन जागी चहा घेतला होता.

संध्याकाळच्या खेळाला आजूबाजूच्या गावांतून लोक टेंपो भरभरून आले. पिक्चर निम्मे लोक बघत होते, निम्मे अध्यक्षांकडे. ते जागेवर चुळबुळले की खालून शिट्ट्या यायच्या. "साहेबांना आता तो सीन आठवला बघ," कोणीतरी ओरडलं. बाई मात्र रमल्या होत्या. पुढचे संवाद त्यांना पाठ झाले होते.

नायक पाण्यात पडला. पडद्यावर धो धो पाणी उडालं, आणि अध्यक्षांचा बांध फुटायच्या बेताला आला.

"वहिनी, माईक!"

भावोजींनी मशीन थांबवलं. बसल्या जागेवरून अध्यक्ष बोलले. आयुष्यातलं त्यांचं सगळ्यात छोटं आणि एकमेव खरं भाषण. "संग्रहालय रद्द. थिएटर चालू राहील, कायमचं. खुर्च्या सगळ्या नव्या बसवा. सगळे स्क्रू काढा. पहिला माझा."

छप्पर उडेल अशा टाळ्या. वहिनींनी डोळे पुसले आणि पर्समधून पेचकस काढला. तो दुपारपासून तिथेच होता.

त्या पोचायच्या आत बाईंनी नवऱ्याच्या पाठीमागे हात घातला.

"मागे टेका. आता उठा."

अध्यक्ष उठले. पँटीसकट.

"सुटलं? कसं काय?"

"पट्टा जरा वर सरकवायचा होता. तुम्ही पुढे ओढत होतात."

"तुला कधी कळलं हे?"

"मध्यांतरात. सकाळच्या."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"लग्न झाल्यापासून एक पिक्चर शेवटपर्यंत शेजारी बसला नाहीत. फीत कापली की चाललात. आज अडीच झाले."

यावर उत्तर द्यायला अध्यक्षांकडे वेळ नव्हता. ते जिना उतरून सुटले ते थेट मागच्या मुतारीकडे. फोटोवाल्याला जन्माचा फोटो मिळाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिल्या पानावर आला. खाली मजकूर: थिएटर वाचवण्यासाठी अध्यक्षांची धावाधाव.

इकडे बाल्कनीत वहिनी पेचकस घेऊन खुर्चीपाशी वाकल्या, तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला.

"वहिनी, बाकीच्या सगळ्या बदला. ही तेवढी राहू द्या."

"आणि हा स्क्रू?"

"स्क्रूसाठीच तर म्हणतेय," बाई म्हणाल्या, आणि खालच्या लोकांकडे बघून ओरडल्या, "भावोजींना सांगा, उरलेला पिक्चर लावा. साहेब येतायत परत."