पाटणकरकाकांचं तीन तासांचं ऊन

पाटणकरकाका रोज सकाळी खडू घेऊन अंगणातल्या हौदाशी उकिडवे बसायचे आणि ऊन जिथवर आलंय तिथे काठावर रेघ मारायचे. दर तासाला एक. बाहेर गेले तर मला मिस्ड कॉल. त्याचा अर्थ, ‘गॅलरीतून बघ, ऊन हौदावर आहे का?’ मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, आणखी काय करणार!

काका विमा कंपनीतले निवृत्त अधिकारी. शेवटची बदली जयपूरची, मग तिथेच, तिलक नगरात घर बांधलं. काकूंना हौदात वॉटर लिली हवी होती. झालं! माझ्या स्कूटीवरून आम्ही नर्सऱ्या पालथ्या घातल्या. काका रोपाची विम्याच्या अर्जासारखी छाननी करायचे.

“भैया, पहले कोई बीमारी? धूप कितनी?”

“छह घंटे, साहब.”

“नामंजूर!”

कारण हौदावर कडुनिंबाची जाडजूड फांदी आडवी. ऊन मोजून तीन तास.

“काका, फांदी छाटा ना,” मी म्हटलं.

“नामंजूर.”

काकूही वैतागल्या. “अहो, तोडा ती एकदाची! माझ्या मेलीच्या नशिबात फूल आहे की नाही?”

“नामंजूर.”

असा हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही.

शेवटी शहराबाहेर, कानोत्याच्या रस्त्यावर एका माळ्याने फिकट निळी लिली दाखवली. “ये छाँव में चल जाएगी. तीन घंटे बहुत हैं. बस, फूल छोटा आएगा.”

काकांनी तीनदा खात्री करून घेतली. “मंजूर.”

परतताना बादली काकांच्या मांडीवर, पाणी माझ्या पाठीवर. सिग्नलला माझा पारा चढला. “एका फांदीपायी माझे पाच रविवार गेले, काका!”

“अकरा बदल्या झाल्या आमच्या,” काका म्हणाले. “प्रत्येक क्वार्टरमध्ये हिने झाड लावलं. ते मोठं व्हायच्या आत आम्ही सामान बांधलेलं. हा निंब तेवढा असा, ज्याच्या सावलीत ती स्वतः बसते.”

सिग्नल कधी हिरवा झाला, कळलंच नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा निघाले.

काकू फांदीखालीच खुर्ची टाकून गवार मोडत होत्या. बादलीत डोकावून म्हणाल्या, “एवढीशीच? फांदी तोडली असती तर चांगलं मोठं फूल आलं असतं.”

“तुझी खुर्ची उन्हात आली असती,” म्हणत काका खडू काढून वाकले.

काकूंनी गवार बाजूला ठेवली.

“आणा तो इकडे. गुडघे दुखतात तुमचे,” त्या म्हणाल्या, आणि त्या तासाची रेघ त्यांनी मारली.