नानांच्या दारची कळलावी

आमच्या शेजारचे हिरामणनाना भर वैशाखात रिकाम्या मातीशी गप्पा मारतात. तारेच्या जाळीआड हातभर भुसभुशीत जमीन, तीत काडीसुद्धा उगवलेली नाही, आणि नाना उकिडवे बसून तिला तळोद्याच्या बातम्या सांगताहेत. कुणी चपला वाजवत गेलं की ओठांवर बोट. "हळू चाला, बाई जपेल शे." म्हणजे झोपली आहे.

ही बाई म्हणजे मातीत झोपलेला कळलावीचा कंद. नाना एसटीत कंडक्टर होते. तोरणमाळच्या घाटात गाडी तापून उभी राहिली, तेव्हा कुंपणावर चढलेलं ते फूल त्यांनी पाहिलं, आणि निवृत्त झाल्यावर तिथल्या एका ओळखीच्याकडून कंद मागून आणला. पहिला कंद उन्हाळाभर लाडाने पाणी घालून कुजवला. दुसऱ्या वेळी शहाणे झाले. पानं वाळली की पाणी बंद, बोलणं मात्र चालू.

पावसाळ्यात कोंब वर आला की नानांमधला कंडक्टर जागा होतो. "चाला, वर सरका, वर सरका!" असं म्हणत ते त्याला काठी दाखवतात. पानांची टोकं काठीला विळखा घालतात आणि वेल खरंच वर सरकतो. मग श्रावणात फुलं येतात. आधी हिरवट, मग पिवळी, मग लालभडक, पाकळ्या सगळ्या वर वळलेल्या. संध्याकाळी सातपुड्यावर ढग टेकलेले असतात, ऊन विरत जातं, आणि नानांच्या अंगणात कुणी हळूहळू दिवे लावत निघाल्यासारखं वाटतं. मी भाकरी थापता थापता खिडकीशी थांबते ती थांबतेच. तव्यावरची भाकरी करपते. ती घटका मला फार आवडते.

गल्लीला मात्र तो वेल डोळ्यांसमोर नको. आमच्याकडे हे फूल घराजवळ लावत नाहीत, लावलं तर घरात भांडणं होतात म्हणतात. त्यामुळे नळावर हंडा सरकला, दोष नानांच्या वेलाचा. कुणाची सून रुसून माहेरी गेली, तरी वेलाचाच. भाजीतल्या मिठावरून माझं आणि सासूबाईंचं वाजलं, तेव्हा त्यांनीही बोट तिकडेच दाखवलं. शेवटी यंदा श्रावणात ठरलं, वेल उपटायचा. नाना मला लेकीसारखं मानतात, म्हणून सांगायला पाठवलं मला.

नानांनी चहा टाकला. मी चाचरत म्हटलं, "नाना, वेल काढी टाका ना. भांडनं व्हतस."

"कोठे व्हतस?" नाना एकदम पुढे सरकले. "मन्हा घरमा तं एकबी नही व्हयनं!"

मला काही कळेना. नाना वेलाकडे बघत राहिले.

"तुन्ही काकू व्हती तवय दिनभर कज्या चाले. टोपी आठे का टाकी, चहा इतला गोड का. ती गयी नी घर मुकं व्हई गयं. लोके सांगतस, हाई फूल भांडन लावस. म्हनीसन लायं वं माय. फूल तं दरसाल येस. पन भांडन कोनासंगे व्हई? घरमा मी एकलाच."

भांडण व्हावं म्हणूनच नानांनी वेल लावला होता. काय बोलायला आले होते तेच विसरले. मी कप खाली आपटला.

"नाना, हाऊ चहा शे का साखरनं पानी?"

नाना दचकले. मग त्यांनी छाती पुढे काढली. "तू माले चहा शिकाडस? तुन्हा जन्मना आगोदरपासून करी ऱ्हायनू मी!"

"म्हनीसनच बिघडेल शे!"

आवाज चढत गेले. शेजारपाजार दारात जमला. नानांचे डोळे भरून वाहत होते, पण माझा एकही शब्द ते खाली पडू देत नव्हते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी आले तर सासूबाई वाटच बघत होत्या. "काय सांगं त्यास्नी? काढतस का वेल?"

मी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आत्याबाई, उद्या नानासंगे भांडाले तुम्ही जा."

 सासूबाईंनी उठून पदर खोचला. "उद्या कसाले? आत्तेच जास मी."