वापराचा दाखला

दोन वर्षांपूर्वी नातीचं पत्र आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. आळस मात्र नव्हता. त्याच उत्तराची मी दोन वर्षं तयारी करत होतो.

नात तेव्हा नऊ वर्षांची, परदेशात वाढणारी. पत्र मराठीत होतं. अक्षरं एकमेकांवर रुसल्यासारखी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेली. ‘आजोबा, मला रोज वापरायचे दहा मराठी शब्द पाठवा. ते पाठ होईपर्यंत मी फोनवर बोलणार नाही. चुकलं की बाबा हसतात.’

मुलाला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, इंग्रजीतच लिहा हो. मराठी तिला कुठलं झेपायला!” पत्र मराठीत आहे, हे मी सांगणार होतो, पण तो एवढा शिकलेला, तेव्हा माझंच काही चुकत असेल असं वाटलं.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. इंग्रजी वाचतो, पण रोजची दोन वाक्यं बोलायची वेळ आली की मनातल्या मनात व्याकरण तपासत बसतो. म्हणून ‘नित्योपयोगी इंग्रजी शब्दसंग्रह वर्ग, मध्यम पातळी’ येथे रीतसर प्रवेश घेतला. नियम एकच होता. शब्द पाठ करायचा नाही, प्रत्यक्ष प्रसंगी वापरायचा आणि ऐकणाऱ्याची फॉर्मवर सही आणायची. आठवड्यात दाखला न आल्यास शब्द रद्द समजण्यात येईल.

“घरी आरशासमोर बोललं तर?” मी चाचरत विचारलं.

“आरसा सही करतो का, काका?” वर्गाच्या बाई म्हणाल्या.

‘रिफंड’साठी मी चपला घेतल्या आणि परत केल्या. ‘इन्कन्व्हिनियन्स’साठी जिन्यात खुर्ची टाकून येणाऱ्यांची वाट अडवली, दिलगिरी व्यक्त केली आणि फॉर्म पुढे केला. तिसऱ्या महिन्यात ‘कन्डोलन्सेस’ आला. शनिवारी तो रद्द होणार होता आणि इमारतीत सगळे ठणठणीत! समोरच्या मावशींना थोडा खोकला होता. मी दिवसातून दोनदा विचारपूस करू लागलो. त्यांना आधी गहिवरून आलं. मग माझ्या हातातला फॉर्म दिसला. त्या शुक्रवारीच खडखडीत बऱ्या झाल्या आणि तेव्हापासून मला दार उघडत नाहीत.

अखेर दोन वर्षांनी दाखलेवाल्या शब्दांतून पत्र तयार झालं. गैरसोयीबद्दल दिलगिरी, परताव्याचं आश्वासन, शेवटी सांत्वन. ‘तुझी आठवण येते’ एवढं घालावं म्हणून बाईंना विचारलं.

“भावना उच्च पातळीत येतात. आत्ता वापरलीत तर गुण कापले जातील.”

मसुदा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, “अहो, पोरीनं मागितलंय काय आणि तुम्ही धाडताय काय? कोण गेलंय तिथं?”

मसुदा फाडला. दहा मराठी शब्द, दहा मिनिटांचं काम. पण वर्गाची शिस्त अंगी मुरलेली. रोज वापरतो याची सही हवीच. सहीचा अधिकार बायकोला दिला.

“स्वयंपाकघर,” मी म्हणालो.

“सही नाही. किचन म्हणतो आपण.”

“क्षमा?”

“सॉरी म्हणून मोकळे होता.”

“वेळ?”

“‘टाइम नाही’ हेच ऐकत आलेय मी, चाळीस वर्षं.”

“बरं, धन्यवाद?”

“ते तुम्ही अजून कुठल्याच भाषेत म्हणाला नाहीत.”

जेवणाच्या वेळेपर्यंत सहा मंजूर झाले: पाणी, भूक, झोप, ऊन, दार आणि अहो. शेवटच्यावर तिनं आपणहून सही केली.

नातीला लिहिलं, ‘सहाच आहेत. तेवढ्यावर फोन कर. मीही चुकतो. बाबांना हसू दे.’

उरलेले चार आपल्यापैकी कोणाकडे असतील तर जरूर कळवावेत. अट एवढीच, की शब्द आज सकाळपासून घरात वापरलेला असावा आणि सही घरच्याच माणसाची असावी. मात्र आपली वाट पाहत बसलो असतो तर पोरगी म्हातारी झाली असती. म्हणून सहा शब्दांचं पाकीट मी दुपारीच पेटीत टाकून आलो.