आधी पडून दाखव

आमच्या कुंडल गावात सायकल करून घ्यायला आलेल्या माणसाला आधी पडावं लागतं. हसू नका, दस्तगीरभाईंच्या वर्कशॉपचा तो नियमच आहे. गिऱ्हाईक आलं की ते एक जुनी सायकल पुढं ढकलतात, समोरच्या उसाच्या पाचटाच्या ढिगाकडं बोट करतात आणि म्हणतात, "ही घे आन् पडून दाखव." सायकलीवर बसायला काय, कुणीही बसतं, माणूस पडतो कसा, त्यावर फ्रेम ठरते, असं त्यांचं म्हणणं.

माझी पिठाची गिरणी त्यांच्या भिंतीला लागून. दळण घेऊन आलेल्या बाया डबा ठेवतात, आधी पडापडी बघून घेतात आणि मग घाई मला करतात.

दस्तगीरभाई पूर्वी उसाच्या ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या ग्रिल जोडायचे. आता बीएमएक्स करतात, म्हणजे उड्या मारायची सायकल. चाकं चिमुकली, गिअर नाही, मडगार्ड नाही, दुधाची किटली अडकवायलाही जागा नाही. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी विचारलं, भाई, अर्धीच राहिली का हो? त्यानंतर बरेच दिवस त्यांनी माझ्याकडं दळण टाकलं नाही. सरळ पलूसला जायचे दळायला!

पडून झालं की माप. सुतळी घेऊन पाय, हात, पाठ, सगळं मोजायचं आणि प्रत्येक मापाला एक गाठ मारायची. शिंपी काय मोजेल! मग ती सुतळी खिशात जायची आणि फ्रेम व्हायची ती सगळ्यांना एकाच मापाची. कारण पाईप ज्यात धरून जोडायचे तो लोखंडी साचा भाई हलवूच द्यायचे नाहीत. अहो, माप बदलायलाच तर त्याला नटबोल्ट आहेत ना? पण बोलायची सोय नाही. "आवं वैनी, तुमी तुमच्या जात्याचं बघा." काम मात्र असं की जोड बोटांना लागत नाही. म्हणून लोक अंग चोरून बसायचे, पण सायकल घेऊन जायचे.

अडलं ते औंधच्या तेजसपाशी. पोरगं ताडमाड, स्पर्धा तोंडावर आलेली. बिचारा मनापासून पडला, माप दिलं, आणि फ्रेम आली ती गुडघे हँडलवर आपटणारी. काका, जरा लांब करा, नाहीतर मला स्पर्धा सोडावी लागेल, म्हणाला. भाई म्हणाले, साचा हलणार नाही. पोरगं रडवेलं होऊन गेलं आणि माझं डोकं फिरलं. गिरणी बंद करून मी तशीच पिठाच्या हातांनी गेले. म्हटलं, मग सुतळी कशाला घेता, ताईत बांधायला?

भाई साचा पुसत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "ह्ये नसीमचं माप हाय, वैनी."

नसीम त्यांची एकुलती एक लेक. तिची आई लवकर गेली. शाळेत असताना तिनं मोबाइलवर असल्या उड्या बघितल्या आणि हट्ट धरला. भाईंनी केलेली पहिली फ्रेम तिचीच. पोरगी कॅनॉलच्या कडेनं नुसती उडायची. गाव काय काय बोललं, बापानं कानावर घेतलं नाही. मग ती नर्स झाली, पुण्याला गेली. येणं आता सणापुरतं.

"साचा सोडला, तर ती परत एवढी कवा हुयाची?" भाई म्हणाले. मी हाताचं पीठ झटकत गिरणीत परत आले.

पण माझ्या पोटात काही राहत नाही. त्याच आठवड्यात ईदला नसीम आली, शीरखुर्म्याची वाटी घेऊन माझ्याकडं आली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती उठली, वर्कशॉपात गेली आणि भिंतीला लावलेली एक तयार सायकल ओढून तिच्यावर बसली. गुडघे हँडलला टेकले.

"अब्बा, गुडघं लागत्यात की," ती म्हणाली. "मी मोठी झाले."

भाई तिच्या गुडघ्यांकडं बघतच राहिले. मग त्यांनी पाना उचलला. नट गंजून धरले होते, मी गिरणीतनं तेल आणून दिलं. पहिला नट सैल झाला तसे भाई तिथंच स्टुलावर बसले. मला मेलीला उगाच रडू आलं. पुढचे नट नसीमनंच सोडले आणि आता माझं माप घ्या म्हणत सुतळी त्यांच्या हातात दिली.

स्पर्धा जवळ म्हणून तेजसची फ्रेम आधी झाली. नसीम पुढच्या सुट्टीला आली तेव्हा तिचीही तयार होती. कॅनॉलवर आम्ही सगळे बघायला गेलो. मी म्हटलं, भाई, नियम म्हणजे नियम, आधी तिला पडून दाखवू दे की. त्यांना ऐकूच आलं नाही. साठीचा माणूस, डोक्यावरची टोपी एका हातात, दुसऱ्या हातानं सीट धरून सायकलीमागं पळत होता आणि म्हणत होता, "हळू गं, पडशील."

आणि नसीम, जी तिथनं एका दमात उडून गेली असती, ती बापाला धाप लागू नये म्हणून हळूहळू पायडल मारत होती.